पिठोरा : चुकलेले चित्र दुरुस्त कोण करतो?

लखाऱ्यांचे काम आटोपलेले असते. ओसरीची मोठी भिंत घोड्यांनी भरून गेलेली असते. कुंचले धुऊन बाजूला ठेवलेले असतात. आपण म्हणू, चित्र पूर्ण झाले. त्या घरात मात्र तसे कोणीही म्हणत नाही. सगळ्यांचे डोळे बडव्याकडे लागलेले असतात. अंगात वारे आलेला बडवा भिंतीसमोर उभा राहतो आणि एकेका आकृतीकडे बोट दाखवून तिची ओळख पटवू लागतो. हा बाबा गणेह. ही राणी काजल. हत्तीवरचा तो राजा भोज. हा स्वतः पिठोरा. एखादी आकृती राहून गेली असेल किंवा भलत्या ठिकाणी आली असेल, तर लखाऱ्याला पुन्हा रंग कालवावा लागतो. दुरुस्ती झाल्यावरच बोकडाचा मान दिला जातो आणि पंगत बसते.

कलेच्या इतिहासात आपल्या जुन्या चित्राने असमाधानी झालेले, पुन्हा त्याच्यापाशी परतणारे चित्रकार पुष्कळ भेटतात. त्यांच्या कथा आपण वाचतो, कारण त्या एकट्या माणसाच्या बेचैनीच्या असतात. आजचा धागा थोडा वेगळा आहे. इथे बेचैनी चित्रकाराची नाही. आणि ‘हे बरोबर नाही’ असे म्हणण्याचा अधिकारही त्याच्याकडे नाही.

आधी भूगोल पाहू. नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा काढा. उत्तरेकडे अक्राणी आणि अक्कलकुवा हे सातपुड्यातील तालुके आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी नर्मदा. अलीकडचा काठ महाराष्ट्राचा. पलीकडे एका बाजूला मध्य प्रदेशातील अलीराजपूर, दुसऱ्या बाजूला गुजरातमधील छोटा उदेपूर. तिन्ही जिल्हे अगदी अलीकडचे : नंदुरबार १९९८ सालचा, अलीराजपूर २००८ चा, छोटा उदेपूर २०१३ चा. नदी आणि तिच्या दोन्ही तीरांवरचे देव त्याहून कितीतरी जुने. याहामोगीच्या यात्रेला धडगाव-मोलगीकडची माणसे राज्याची सीमा ओलांडून गुजरातमधील देवमोगऱ्याला जातात. राणी काजलचे नाव नदीच्या या तीरावरच्या पावरा-भिल्लांच्या कथांतही आहे आणि त्या तीरावरच्या राठवा-भिलालांच्या भिंतीवरही. पिठोऱ्याचे मुख्य क्षेत्र पैलतीरावरचे, राठवा आणि भिलाला समाजांचे. पण त्या चित्रातील देवकुळ सातपुड्याला परके नाही.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. आपल्याकडे श्रावण अमावास्येला पिठोरी म्हणतात, त्या दिवशी चौसष्ट योगिनींचे चित्र पुजतात आणि बाहेर पोळा असतो. नाव जवळचे आहे म्हणून पिठोरा आणि पिठोरी यांची घाईने सोयरीक जुळवू नये. पिठोरा हा देव आहे. त्याला स्वतःची जन्मकथा आहे, आणि ती कथाही योगायोगाने परतण्याचीच आहे.

कथेचे तपशील गावागणिक बदलतात. ढोबळ रूप असे. इंदीराजाची बहीण काळी कोयल हिला लग्नाआधी मूल होते. लोकलाजेस्तव ती ते बाळ पाण्यात सोडून देते. ते राणी काजलच्या हाती लागते आणि ती त्याला वाढवते. मोठा झाल्यावर हा मुलगा इंदीराजाच्या दरबारात येतो, त्याची ओळख पटते, आणि पुढे पिठोरीशी त्याचे लग्न थाटामाटात लागते. भिंतीवर ओळीने चाललेले घोडे हे त्या लग्नाच्या वरातीतले, देवांचे घोडे. कर्णाची आठवण होणे साहजिक आहे. फरक इतकाच की या नदीत सोडलेल्या मुलाला त्याचे घर परत मिळते.

आता भिंतीकडे वळू. घरात आजार हटत नाही, गुरे दगावतात, पीक बसते, तेव्हा कुटुंबप्रमुख बडव्याला विचारतो आणि पिठोऱ्याचा नवस बोलतो. नवस फेडण्यास वर्षे लागू शकतात, कारण त्यात साऱ्या गावाला जेवण आहे, बोकड आहेत, मोहाची दारू आहे. ऐपतीप्रमाणे पिठोरा अर्धा किंवा पूर्ण असतो आणि घोड्यांची संख्या त्यावरून ठरते. दिवस ठरला की कुमारिका भिंत शेणामातीने सारवतात आणि तिच्यावर पांढऱ्या मातीचा हात देतात. ही भिंत म्हणजे ओसरी आणि आतले घर यांच्यामधली. म्हणजे घरात पाऊल टाकणारा प्रत्येक जण तिच्यासमोरूनच आत जाणार. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दुय्यम देव, पूर्वज आणि भुतेखेते यांना जागा मिळते.

रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. काडीचे टोक ठेचून केलेला कुंचला पुरतो. काम करणारे लखारे पुरुषच असतात. लखारा हा शब्द लिहिण्यावरून आलेला आहे. पिठोरा काढत नाहीत, रंगवतही नाहीत, पिठोरा लिहितात. संस्कृतातही चित्राला आलेख्य म्हणतात आणि ‘लिख्’ या धातूच्या पोटात रेखाटणे व अक्षर लिहिणे दोन्ही मावतात, हे इथे आठवावे. पण राठवांच्या घरात हा केवळ व्युत्पत्तीचा भाग राहत नाही. लिहिलेली गोष्ट कोणीतरी वाचायची असते. लखारे लिहितात, बडवा वाचतो. लिहिणे चालू असताना शेजारी ढाकेच्या तालावर सृष्टीच्या उत्पत्तीचे गायन चालते. जे कानांवर पडते, तेच भिंतीवर उतरायला हवे.

ज्योतींद्र जैन यांनी या परंपरेचा सविस्तर अभ्यास करून १९८४ साली ललित कला अकादमीतर्फे ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांतून समोर येणारे चित्र पाहिले की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. भिंतीवर देवांच्या घोड्यांबरोबर नांगर धरलेला शेतकरी आहे, ताक घुसळणारी बाई आहे, विहीर आहे, ताडावर चढणारा माणूस आहे, माकडे, साप, विंचू, सूर्य, चंद्र आहेत. बारा डोक्यांचा धनी आहे, एका पायाचा पुरुष आहे, सुपासारख्या कानांचा आहे. आणि या सगळ्यांत आगगाडी आहे, विमान आहे, बंदूक आहे. लखाऱ्याने एकदा पाहिलेली कोणतीही नवी वस्तू तिथे सुखाने शिरते. तिला कोणी अडवत नाही.

मग चूक कशाला म्हणायचे? माझा निष्कर्ष असा की घोड्याची मान वाकडी झाली, रंग ओघळला, एक पाय आखूड पडला, तर ती चूक नव्हे. विमान आले तरी ती चूक नव्हे. ज्याचा मान आहे तो देव राहून गेला, तर मात्र चूक. वरातीचे निमंत्रण एका सोयऱ्याला गेलेच नाही, तर मांडव कितीही सुंदर असला तरी लग्नघरात जी चिंता पसरते, तीच इथली. चित्र दिसायला कसे आहे यापेक्षा त्यात कोण कोण आले आहे, हा प्रश्न मोठा. म्हणून तपासणीही डोळ्यांच्या सुखासाठी होत नाही. ती हजेरी असते.

या तपासणीचे वेगळेपण कळावे म्हणून दोन जुन्या प्रसंगांशेजारी ती ठेवून पाहू.

पहिला कालिदासाचा. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात अंगठी सापडल्यावर दुष्यंताला सगळे आठवते आणि तो शकुंतलेचे चित्र काढून बसतो. विदूषक चित्राची वाहवा करतो. राजा समाधानी नाही. चित्रात जे जे साधत नाही ते ते बदलले, तरी रेषेत तिचे लावण्य थोडेच उतरले, असे तो म्हणतो. आणि अजून काय काय काढायचे आहे याची यादी सांगू लागतो. मालिनी नदी आणि तिच्या वाळूतील हंसांची जोडी, हिमालयाच्या पायथ्याचे हरीण, फांद्यांवर वल्कले वाळत घातलेला वृक्ष, कानावरचे शिरीषाचे फूल. आपल्या वाङ्मयातील, जुन्या चित्राकडे परतणाऱ्या चित्रकाराचे याहून हृद्य वर्णन मला ठाऊक नाही. ती यादी वरवर पाहता चित्राची आहे. खरे पाहता ती पश्चात्तापाची आहे. जिला दरबारातून घालवून दिले, तिला तिच्या आश्रमासह परत आणण्याचा तो प्रयत्न आहे. म्हणूनच ते चित्र कधी पुरे होणार नाही. तपासणारा आणि अपराधी एकच असल्यावर कोण म्हणणार की आता बरोबर झाले?

दुसरा प्रसंग ग्रीसचा, रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात नोंदवलेला. अपेलीस हा सिकंदराच्या काळातील नामांकित चित्रकार. तो आपली चित्रे रस्त्यावरून दिसतील अशी ठेवी आणि मागे लपून लोकांचे बोलणे ऐके. एकदा एका चांभाराने चित्रातल्या पादत्राणाचा दोष दाखवला. अपेलीसने तो रातोरात दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाहून चांभाराला बळ आले आणि तो पायाच्या चित्रणावरही बोलू लागला. तेव्हा अपेलीस बाहेर आला आणि त्याने त्याला पादत्राणाच्या वर जाऊ नकोस, असे बजावले. गोष्ट विनोदी आहे, पण तिच्यात एक सीमारेषा आखलेली आहे. प्रेक्षकाने चूक कुठवर दाखवावी हे ठरवणार चित्रकारच.

पिठोऱ्यासमोर ही सीमारेषा नाही. बडवा पादत्राणापाशी थांबत नाही. तो भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. आणि तोही स्वतःच्या आवडीनिवडीने बोलत नसतो. त्या वेळी त्याच्या तोंडून देव बोलतो, अशी सर्वांची श्रद्धा असते. त्यामुळे लखाऱ्याचा अपमान होत नाही. दुष्यंताची न संपणारी यादी इथे संपते, कारण ती संपवण्याचा अधिकार असलेला कोणीतरी समोर उभा आहे. आधुनिक चित्रकाराला हेवा वाटावा अशी ही सोय आहे, हे मी थोडे गमतीने म्हणतो आहे. पण पूर्ण गमतीने नाही. फ्रेंच चित्रकार बोनार संग्रहालयात टांगलेल्या स्वतःच्याच चित्रावर पहारेकऱ्याची नजर चुकवून रंग लावत असे, अशी कथा सांगतात. बाल्झाकच्या १८३१ सालच्या कथेतला वृद्ध चित्रकार दहा वर्षे एकच चित्र सुधारत राहतो आणि शेवटी रंगांच्या धुक्यात फक्त एक पाऊल ओळखू येते. थांबायचे कुठे हे सांगणारा बडवा दोघांनाही मिळाला नव्हता.

परंतु हे झाले नव्या चित्राचे. जुन्या पिठोऱ्याचे काय होते?

ओसरीत चूल-धुराचा, पावसाळ्याचा, पोराबाळांच्या हातांचा परिणाम होणारच. रंग उडतात. मातीचे पोपडे निघतात. आपल्या शहरी सवयीप्रमाणे आपण म्हणू, उडालेला भाग भरून काढा. तिथली रीत तशी नाही. नव्या नवसाने नवा पिठोरा लिहायचा, तर भिंत पुन्हा सारवावी लागते, पुन्हा पांढरा हात, पुन्हा गायन, पुन्हा संपूर्ण वरात पहिल्यापासून. जुने चित्र डागडुजी करून टिकवण्याची वस्तू नाही. ती एका नवसाची पूर्ती होती आणि ती झाली. नवे चित्र जुन्याच्या अंगावर उभे राहते. लखारा तोच असेल, तर तो आपलेच आधीचे काम सारवणाखाली गेलेले पाहतो आणि त्याच देवांना नव्याने लिहू लागतो. जुन्या चित्राकडे परतणे म्हणतात ते हे. फक्त परतताना जुने चित्र समोर नसते, आठवणीत असते, आणि गाण्यात असते.

खानदेशच्या दुसऱ्या टोकाशी, अजिंठ्याला, असाच एक थर दिसतो. नवव्या आणि दहाव्या लेण्यांतील सर्वांत जुनी चित्रे इसवी सनापूर्वीच्या काळापर्यंत मागे जातात. पाचव्या शतकात तिथे पुन्हा चित्रकार आले आणि काही ठिकाणी त्यांनी जुन्या कामावर नवे चित्रण केले. आज अभ्यासक वरच्या थराखालून डोकावणाऱ्या जुन्या रेषांसाठी जीव टाकतात. पाचव्या शतकातील त्या चित्रकारांना तसे वाटले असण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठी ती भिंत चालू उपासनेची होती. जुने सारे जपलेच पाहिजे, ही आपली भावना बरीच अलीकडची आहे.

म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे घडले ते इतके गुंतागुंतीचे वाटते. १९८२ साली भोपाळला भारत भवन उघडले. तिथल्या रूपंकर संग्रहालयाची धुरा चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे होती. त्यांनी तरुण कलाकारांना गावोगाव पाठवले, लोकांच्या भिंतींवर जे आहे ते पाहायला लावले, आणि आदिवासी चित्रकारांना आधुनिक चित्रकारांच्या बरोबरीने भिंती दिल्या. भाबऱ्याचे पेमा फत्या हे पिठोऱ्याचे लखारे याच काळात सर्वदूर पोहोचले. मध्य प्रदेश शासनाचा शिखर सन्मान त्यांना मिळाला. २०२० साली ते गेले. छोटा उदेपूरकडील परेश राठवा यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पिठोरा कागदावर, कापडावर, विमानतळांच्या आणि कार्यालयांच्या भिंतींवर आला.

यात गैर काय, असे कोणी विचारेल. काहीच नाही. लखाऱ्याला मान मिळाला, पैसा मिळाला, नाव मिळाले. आणि ओसरीच्या भिंतीवर लखाऱ्याचे नाव कधीच महत्त्वाचे नव्हते. मी हा बदल ऱ्हास म्हणून सांगत नाही. परंतु एक साखळी त्यात सुटली. कागदावरच्या पिठोऱ्यासमोर बडवा उभा राहत नाही. त्यात एखादा देव राहून गेला, तर विकत घेणाऱ्याला ते कळणार नाही, संग्रहालयाच्या अधिकाऱ्यालाही नाही. तिथे घोड्याची मान डौलदार आहे का, रंगसंगती नीट आहे का, हे पाहिले जाते. म्हणजे ज्या गोष्टी ओसरीत चूक ठरत नव्हत्या त्या आता चूक ठरतात, आणि जी एकच चूक होती ती आता चूक उरलेली नाही.

भिलांच्याच समाजातील भुरीबाई भारत भवनाच्या बांधकामावर मजुरीला आल्या होत्या. स्वामीनाथनांनी त्यांना चित्रे काढायला सांगितली, आणि २०२१ साली त्या पद्मश्री झाल्या. स्त्रीने पिठोरा लिहायचा नाही, ही परंपरेची मर्यादा होती. भुरीबाईंनी आपल्या भिंती, झाडे, प्राणी, आपले स्वतःचे आयुष्य रंगवले. ज्या स्त्रियांच्या हातांनी पिठोऱ्याची भिंत सारवली जाते, त्यांच्यातल्या एकीला स्वतःची भिंत मिळाली, ती अशी वाट बदलून.

पुन्हा नर्मदेकाठी येऊ. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ३३ गावांची जमीन घेतली. त्यांतले मणिबेली हे नाव १९९० च्या दशकात देशभर गाजले. गुजरात आणि मध्य प्रदेशातील गावे वेगळी. घर हलवताना माणसे खांब, वासे, कौले उतरवून नेतात. सातपुड्यातील घर बऱ्याच अंशी लाकडाचे, ते असे नेता येते. मातीची भिंत नेता येत नाही. जिच्यावर पिठोरा आहे अशी भिंत सोडून गेलेल्या कुटुंबासाठी चित्र वाचवण्याचा प्रश्नच येत नाही. नव्या जागी नवी भिंत उभारायची, ती सारवायची आणि वरात पहिल्यापासून लिहायची. त्यासाठी लखारा लागतो. गाणे मुखोद्गत असलेली माणसे लागतात. आणि लिहून झाल्यावर भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन, कोण आले आणि कोण राहिले, हे सांगणारा कोणीतरी लागतो.

पिठोऱ्याचे छायाचित्र पाहण्यात आले, तर घोडे मोजण्याआधी त्यांच्या मधल्या जागा पाहा. घाईघाईने बसवल्यासारखी, शेजारच्या दोन आकृतींना किंचित रेटून उभी असलेली एखादी लहान आकृती तिथे दिसली, तर ती कदाचित तपासणीनंतर आलेली असेल.